आधी मोजा, मग कॅमेरा लावा

वाचकांचे प्रश्न : दुर्बीण आणि डीएसएलआर

दिवाळी सरून आकाश निवळलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. घरात डीएसएलआर आहे, दुर्बीणही आहे, आता दोन्ही जोडायचं कसं? त्यातली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. जवळपास प्रत्येक उत्तरात मी तुम्हाला काहीतरी मोजायला किंवा हिशोब करायला सांगणार आहे, त्याचा कंटाळा करू नका. पट्टी, कॅल्क्युलेटर आणि बटरपेपरचा तुकडा यांनी जितके फोटो सुधारतात तितके नव्या लेन्सने सुधारत नाहीत, हे माझं ठाम मत आहे.

ताई, मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याकडे १३० मिमी व्यासाची, ६५० मिमी नाभीय अंतराची आरशाची दुर्बीण आहे आणि कॅनन १३००डी आहे. टी-रिंग (कॅमेऱ्यावर लेन्सच्या जागी बसणारं कडं) आणि सव्वा इंची नोजपीस (दुर्बिणीत घुसणारी नळी) मागवून कॅमेरा लावला. आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) चंद्र स्वच्छ दिसतो, पण कॅमेऱ्यात नुसता पांढरा गोळा येतो. फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारी नळी) पूर्ण आत ढकलला तरी फोकस होत नाही. कॅमेरा बिघडला आहे का?
— एक शिक्षक, करमाळा (जि. सोलापूर)

सर, कॅमेराही ठीक आहे आणि दुर्बीणही. अडचण अंतराची आहे. कॅनन डीएसएलआरमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सर ४४ मिमी आत असतो. टी-रिंग सुमारे ११ मिमी जाड असते. म्हणजे नोजपीस जिथे टी-रिंगला मिळतो तिथपासून सेन्सर ५५ मिमी मागे. (निकॉनमध्ये कड्यापासून ४६.५ मिमी आणि रिंग साडेआठ मिमी. बेरीज पुन्हा ५५.) तुमची दुर्बीण डोळ्याने बघण्यासाठी बनवलेली आहे. तिच्या आरशाची प्रतिमा फोकसरच्या तोंडाशी, थोडीशीच बाहेर तयार होते. आयपीसला तेवढं पुरतं. सेन्सर मात्र त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही, तो मागेच राहतो.

आता किती मागे राहतो ते मोजा. चंद्रावर दुर्बीण रोखा, आयपीस काढा, फोकसर पूर्ण आत घ्या. फोकसरच्या तोंडासमोर बटरपेपर धरून पुढे-मागे करा. एका जागी चंद्राचं लहानसं, रेखीव चित्र कागदावर उमटेल. फोकसरच्या कडेपासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. समजा ते २५ मिमी आलं. तुम्हाला ५५ मिमी हवं, शिवाय नोजपीसची कड जेवढी बाहेर राहते तेवढं अधिक. म्हणजे निदान ३० मिमी कमी पडताहेत. हा आकडा हातात आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. (हा प्रयोग फक्त चंद्रावर. सूर्यावर कदापि नाही.)

उपाय तीन आहेत. पहिला फुकटचा : फोकसरच्या तोंडाशी आयपीस धरणारा भाग फिरवून निघतो का बघा. बऱ्याच दुर्बिणींत त्याच्याखाली टी-रिंगचेच, ४२ मिमीचे आटे असतात. टी-रिंग थेट तिथे बसली तर नोजपीसची गरज संपते आणि काही मिलिमीटर वाचतात. दुसरा उपाय मुख्य आरसा नळीत पुढे सरकवण्याचा. लांब बोल्ट घालून किंवा नळी मागून कापून हे करतात. फोटोसाठी म्हणून बनवलेल्या १३० मिमी दुर्बिणींत कारखान्यातच आरसा असा पुढे बसवलेला असतो. हे काम हातात कला असलेल्यानेच करावं, आणि आरसा पुढे आला की दुय्यम आरसा लहान पडून कडेचा थोडा प्रकाश वाया जातो हे ध्यानात ठेवावं.

तुम्हाला मी तिसरा उपाय सुचवते : २ पट बार्लो, म्हणजे प्रतिमा दुप्पट मोठी करणारं जोडभिंग. बार्लोचं भिंग प्रतिमा बाहेरच्या बाजूला ढकलतं, त्यामुळे फोकस हमखास मिळतो. घेताना वरच्या टोकाला टी-रिंगचे आटे असलेलीच घ्या, म्हणजे कॅमेरा घट्ट बसेल. दुर्बिणीचं नाभीय अंतर त्याने १३०० मिमी होतं. चंद्राला हे चालतं का? नाभीय अंतराला ११० ने भागा, चंद्राच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. ६५० ला सुमारे ६ मिमी, १३०० ला सुमारे १२ मिमी. तुमच्या सेन्सरची उंची १४.९ मिमी आहे. म्हणजे बार्लो लावूनही अख्खा चंद्र मावतो आणि दुप्पट मोठा येतो. चंद्राच्या फोटोला बार्लो ही तडजोड नाहीच, ती योग्यच निवड आहे. प्रकाश चौपट कमी होतो, पण चंद्राकडे प्रकाश भरपूर असतो. अष्टमीच्या आसपास आयएसओ २०० आणि १/६० सेकंदापासून सुरुवात करा.

हाच ११० चा भागाकार सूर्यालाही लागू पडतो, आणि त्याचा एक भव्य प्रयोग तुमच्या परिसरात झालेला आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी जेऊरला वेधशाळांचे तळ पडले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे होते, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन आले होते. ४० फूट म्हणजे सुमारे १२,२०० मिमी. भागा ११० ने : काचेवर सूर्यबिंब ११ सेंटिमीटरचं! शाळेतल्या मुलांना हे गणित जरूर घाला, आणि जमलं तर त्यांना घेऊन जेऊरला जा.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांनी ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेऊन दिली आहे (नाभीय अंतर १२०० मिमी). त्यावर माझा कॅनन लावून देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचा आहे. आयएसओ किती ठेवू?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

आयएसओचा प्रश्न फार पुढचा. आधी दोन हिशोब करूया.

चित्रात किती आकाश मावतं? सेन्सरची रुंदी भागिले नाभीय अंतर, गुणिले ५७.३. उत्तर अंशांत. २२.३ भागिले १२००, गुणिले ५७.३ : साधारण १.१ अंश. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे ३ अंश पसरलेली आहे, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले सहा पूर्णचंद्र. तुझ्या चौकटीत तिचा फक्त गाभा येईल.

दुसरा हिशोब ट्रॅकिंगचा, म्हणजे ताऱ्यामागे दुर्बीण फिरवत राहण्याचा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (आपल्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेजवळचा) तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला.) एका पिक्सेलला किती विकला हे काढायला पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घे, त्याला २०६ ने गुण आणि नाभीय अंतराने भाग. ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलला १२०० मिमीवर हे पाऊण विकलेच्या आसपास येतं. देवयानी उत्तरेला असल्याने थोडी हळू, सेकंदाला ११ विकला सरकते. तरीही एका सेकंदात तारा १५ पिक्सेल ओलांडतो. दीर्घिकेसाठी लागतात मिनिटंच्या मिनिटं प्रकाश. हाताने ढकलायच्या डॉब्सोनियनवर हे होणारं नाही, कितीही आयएसओ वाढवला तरी.

पण नाराज होऊ नकोस, कारण देवयानीचा फोटो तू याच हिवाळ्यात काढू शकतेस, फक्त दुर्बिणीशिवाय. कॅमेऱ्यासोबत आलेली ५५-२५० मिमीची किंवा ५० मिमीची लेन्स आहे ना? ५० मिमी लेन्स, साधा ट्रायपॉड, एफ/२.८, आयएसओ १६००, ४ सेकंदांचं एक्स्पोजर. असे शंभरावर फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ आणि डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलमध्ये एकावर एक रच. दोन्ही फुकट मिळतात. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊ-दहाला देवयानी नाशिकहून जवळजवळ डोक्यावर येते. शर्मिष्ठेच्या एम आकारावरून तिची जागा शोधायची आणि आधी नुसत्या डोळ्यांनी तो धुरकट ठिपका पाहायचा. शहराबाहेर, त्र्यंबकच्या वाटेवर एखाद्या ओळखीच्यांच्या शेतात गेलीस तर तो नक्की दिसेल. एकटी जाऊ नकोस, घरच्यांना बरोबर ने. त्यांनाही दाखव.

डॉब्सोनियनला कॅमेरा लावायचाच तर चंद्राला लाव. १२०० मिमीवर प्रतिमा ११ मिमीची येते, चौकट छान भरते. ८ इंचांतून येणारं विवरांचं तपशीलवार चित्र बघून तू हरखशील. आणि बाबांना सांग, त्यांनी उत्तम दुर्बीण घेतली आहे. डोळ्याने बघायला तिच्या किमतीत तिच्यासारखी दुसरी नाही.

नमस्कार. माझं घर रत्नागिरीजवळ आहे. ईक्यू माउंट (दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारा स्टँड) घेतला. सगळे सांगतात माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्यावर लावा. पण आमच्या उत्तरेला डोंगराची धार आणि माडांची रांग आहे. ध्रुव कधीच दिसत नाही. काय करावं?
— एक वाचक, रत्नागिरी

हा प्रश्न कोकणातून आणि गोव्यातून मला सतत येतो. ध्रुवतारा क्षितिजापासून तितकाच वर असतो जितका आपला अक्षांश. युरोपात तो ५० अंशांवर असतो आणि तिथल्या पुस्तकांत सगळं सोपं वाटतं. रत्नागिरीला तो जेमतेम १७ अंशांवर, धूसर हवेत. शिवाय काही माउंट एवढ्या कमी कोनात झुकवले की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. तसं होत असेल तर ट्रायपॉड असा फिरवून ठेवा की दांडा दोन पायांच्या मध्ये येईल.

ध्रुवाशिवाय दोन टप्प्यांत काम होतं. पहिला टप्पा उजेडात : अक्षाचा कोन मोबाइलच्या कोनमापकाने १७ अंशांवर आणा आणि दिशा होकायंत्राने लावा. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाभराच्या आसपासच फरक पडतो, ही आपली मोठी सोय आहे. मोबाइल मात्र लोखंडी वजनांपासून लांब धरा. एवढ्याने साधारण अंशभर चूक उरते. अंशभर चुकीमुळे तारा मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकला घसरतो. २०० मिमी लेन्सने अर्ध्या मिनिटाचे फोटो काढायचे असतील तर इथेच थांबलात तरी चालेल.

दुर्बिणीसाठी दुसरा टप्पा लागतो, तो घसरण बघण्याचा. दक्षिणोत्तर रेषेजवळचा, खगोलीय विषुववृत्तापाशी असलेला एक तारा घ्या. कॅमेऱ्याच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करा. कॅमेरा असा फिरवून बसवा की माउंटची पूर्व-पश्चिम मोटर चालवली की तारा पडद्यावरच्या रेषेला समांतर धावेल. मग ट्रॅकिंग सुरू ठेवून पाच मिनिटं नुसतं बघा. तारा दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेकडे जास्त गेलेला आहे. उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेकडे. तसा तो दुरुस्त करा. नंतर पूर्वेला, क्षितिजापासून २०-३० अंश वर असलेला तारा घ्या. तो दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली आहे. उत्तरेकडे घसरला तर वर. तुम्हाला पूर्वेला सह्याद्रीची बाजू आणि पश्चिमेला मोकळा समुद्र आहे, म्हणून पश्चिमेचा तारा घेण्याचा मोह होईल. चालेल, पण मग दुसरा नियम उलटा होतो. हे एकदा नीट बसलं की गच्चीवर ट्रायपॉडच्या पायांच्या जागी तैलरंगाने खुणा करून ठेवा. पुढच्या वेळी निम्मं काम वाचतं.

न विचारलेलं एक सांगते, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ते सांगायलाच हवं. तुमच्या हवेत लेन्सला आणि बार्लोला बुरशी धरते आणि एकदा आतल्या भिंगावर तिने जाळं विणलं की कोटिंगवरचे डाग जात नाहीत. जून ते सप्टेंबर सगळी भिंगं हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. डब्यात कापड किंवा चामड्याची पिशवी ठेवू नका, ओल तिथेच राहते.

माझी पाच इंची दुर्बीण (एफ/५) ट्रॅकिंग माउंटवर आहे. गच्चीवरून मृगातल्या तेजोमेघाचे ३० सेकंदांचे फोटो काढले. आकाश नारिंगी दिसतं, कडेला अंधार आणि मध्ये गोल डाग येतात, गाभा पांढरा फटक. आणि शेजारचा अश्वमुखी तेजोमेघ लाल दिसायला हवा, तो तर येतच नाही.
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

तुम्ही बरंच पुढे आला आहात. मृगातला तेजोमेघ म्हणजे एम ४२. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी त्याचा पहिला फोटो काढला तेव्हा ११ इंची दुर्बिणीवर सुमारे ५० मिनिटं फोटोची काच उघडी ठेवावी लागली होती. तुमच्या गच्चीवर अर्ध्या मिनिटात त्याहून जास्त उमटतं. तेव्हा ही सगळी दुखणी बरी होणारी आहेत.

नारिंगी आकाश म्हणजे शहराचा प्रकाश. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा. उंचवटा डाव्या कडेपासून सुटा होऊन पाव ते एक तृतीयांशाच्या दरम्यान असावा. मध्यापर्यंत गेला असेल तर आयएसओ ८०० ला आणा आणि एक्स्पोजर १५-२० सेकंदांवर. मग संख्या वाढवा. फोटोंची संख्या चौपट केली की खरखर निम्मी होते, हा हिशोब कधी चुकत नाही. प्रदूषण गाळणाऱ्या फिल्टरवर पैसे घालण्याआधी रस्त्यावर वाकून बघा. पिवळे सोडियमचे दिवे असतील तर फिल्टर उपयोगी. पांढरे एलईडी सगळ्याच रंगांचा प्रकाश टाकतात, तिथे तो फार काही वाचवत नाही.

कडेचा अंधार आणि गोल डाग फ्लॅट फ्रेमने, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फोटोने, जातात. डाग सेन्सरवरच्या धुळीचे आहेत. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून बांधा, पहाटेच्या उजळलेल्या आकाशाकडे रोखा आणि एव्ही मोडवर २०-२५ फोटो घ्या. अट एकच : रात्रीपासून कॅमेरा सोडवलेला, फिरवलेला किंवा फोकस हलवलेला नसावा. सेन्सरची खरखर वजा करायच्या डार्क फ्रेम रात्रीच, झाकण लावून, त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच सेकंदांच्या घ्यायच्या. तापमानही तेच हवं. डीएसएलआरचा सेन्सर थंड केलेला नसतो आणि दर सहाएक अंशांनी त्यातली उष्णतेची खरखर दुप्पट होते. डिसेंबरातल्या डार्क फ्रेम एप्रिलमध्ये चालत नाहीत त्या याचमुळे. मी स्वतः दरवेळी नव्याने घेते, सामान आवरताना त्या आपोआप होतात.

गाभ्यात चार तेजस्वी ताऱ्यांचा समलंब चौकोन आहे. त्यासाठी ५ सेकंदांचे वेगळे फोटो घ्या आणि संगणकावर दोन्ही थर मिसळा.

अश्वमुखीचं दुखणं निराळं. त्याच्या मागचा लाल पडदा हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा फिल्टर नेमका हाच लाल रंग अडवतो, त्यातला पाव भागच कसाबसा आत येतो. माणसांचे चेहरे नैसर्गिक दिसावेत म्हणून ती योजना असते. कॅननने २०डीए आणि ६०डीए, निकॉनने डी८१०ए ही खास आकाशासाठीची मॉडेलं काढली होती ती यासाठीच. जुन्या कॅमेऱ्याचा फिल्टर जाणकाराकडून काढूनही घेता येतो, पण त्यानंतर घरच्या लग्नाचे फोटो त्याने लाल येतील. घरात एकच कॅमेरा असेल तर हे करू नका. एम ४२, कृत्तिका, देवयानी हे सगळं साध्या कॅमेऱ्याने सुंदर येतं.

निकॉन डी५३०० माझ्या ९० मिमी मॅक्सुटोव्ह दुर्बिणीला लावला तर शटरच दबत नाही. 'लेन्स नाही' असं येतं. आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये गुरू अगदी बारीक ठिपका दिसतो. पट्टे कसे येतील?
— एक वाचक, नागपूर

शटरचं सोपं आहे. डायल एमवर (मॅन्युअल) फिरवा. लेन्सशी विजेचा संपर्क नसला की हे निकॉन बाकीच्या मोडवर फोटो काढायला नकार देतात.

गुरूचा पुन्हा हिशोब. तुमचं नाभीय अंतर १२५० मिमी, पिक्सेल ३.९ मायक्रॉन : पिक्सेलला ०.६४ विकला. गुरू आपल्या जवळ असताना सुमारे ४५ विकलांचा. म्हणजे ६००० पिक्सेल रुंद फोटोत त्याला ७० पिक्सेल मिळतात. २ पट बार्लोने १४०. ग्रहांसाठी एक फोटो कधी पुरत नाही, हवा सतत थरथरत असते. म्हणून हजारो फ्रेमचा व्हिडिओ घेऊन त्यातल्या स्थिर क्षणांच्या फ्रेम निवडतात आणि रचतात. ऑटोस्टॅकर्ट हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत आटपा, कारण गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि पट्ट्यांतले तपशील सरकतात. खरं सांगायचं तर या कामाला डीएसएलआर नको. यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा छोटा ग्रह-कॅमेरा त्याहून स्वस्त पडतो आणि फार चांगलं काम करतो. डी५३०० चा सेन्सर तेजोमेघांसाठी आणि आकाशगंगेसाठी उत्तम आहे. तुमच्या हाकेच्या अंतरावर पेंच आहे, जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळालेलं. डी५३०० तिकडे न्या.

मूळचा सांगलीचा, सध्या एडिनबरात शिकतो. मे महिन्यात घरी येणार आहे. सोबत ८० मिमीची लहान भिंगाची दुर्बीण, ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं छोटं यंत्र) आणि कॅनन आणेन. इथून जे मिळत नाही असं काय टिपू?
— एक विद्यार्थी, एडिनबरा

ओमेगा सेंटॉरी! दुसरा विचारच नको. नरतुरंग तारकासमूहातला हा गोलाकार तारकागुच्छ खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेसत्तेचाळीस अंशांवर आहे. एडिनबरात तो कधीच उगवत नाही. सांगलीहून तो दक्षिणेला २५ अंश वर येतो, मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर कोटीभर तारे, आणि आकार जवळजवळ पूर्णचंद्राएवढा. ४०० मिमी नाभीय अंतरावर २०-३० सेकंदांचे पन्नास फोटो पुरेत. नंतर मध्यरात्र उलटली की आकाशगंगेचा गाभा वर येतो. धनू रास तुमच्या इथे क्षितिजाला चिकटून जाते, सांगलीला ४० अंशांच्या वर चढते. अमावास्येच्या आसपासच्या रात्री ठरवून विमानाचं तिकीट काढा. वळीव पडून गेल्यावर धूळ बसते, तशी रात्र मिळाली तर झोपू नका. ट्रॅकर सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत आणा.

मुलगा नववीत आहे. त्याला दुर्बिणीतून फोटो काढायचे आहेत. पन्नास-साठ हजारांत कोणती दुर्बीण घ्यावी? कॅमेरा नाही.
— एक पालक, ठाणे

पहिल्या वर्षी दुर्बीण घेऊ नका. वापरलेला डीएसएलआर, ५० मिमी लेन्स, भक्कम ट्रायपॉड आणि उरलेल्या पैशांत छोटा ट्रॅकर, या क्रमाने घ्या. पुढे दुर्बीण घ्याल तेव्हा निदान अर्धे पैसे माउंटवर जाऊ द्या, कारण ताऱ्याचा ठिपका राहतो की रेघ होते हे माउंट ठरवतो. खोक्यावर ६७५ पट वर्धन लिहिलेल्या दुर्बिणी टाळा. व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट, त्यापलीकडचं वर्धन कामाचं नसतं. मुलाला खगोल मंडळाच्या वांगणीच्या आकाशदर्शनाला पाठवा, किंवा पुण्याला आलात तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत घेऊन या. १९४४ पासून ही संस्था लोकांना आकाश दाखवते आहे. तिथे दहा दुर्बिणींना डोळा लावल्यावर त्याला काय हवं ते तोच सांगेल.

मॅडम, मी आठवीत आहे. बाबांच्या दुर्बिणीला कॅमेरा लावून सूर्यावरचे डाग काढायचे आहेत. लाइव्ह व्ह्यूमध्ये बघितलं तर डोळ्याला काही होणार नाही ना?
— एक विद्यार्थी, वाई

थांब. फिल्टरशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायचीच नाही, ना डोळ्यासाठी, ना कॅमेऱ्यासाठी. दुर्बिणीने एकवटलेलं ऊन शटर आणि सेन्सर जाळू शकतं. आणि डीएसएलआरमध्ये आतला आरसा तेच ऊन वरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये पाठवतो. तिथे सवयीने डोळा गेला तर दृष्टी जाते, आणि जाताना दुखतही नाही.

फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या, मोठ्या तोंडावर लागतो. त्यासाठी बाडर कंपनीची सौर फिल्म मिळते. तिचे दोन प्रकार असतात. ५.० घनतेची फिल्म उन्हाचा एक लाखावा भागच आत सोडते, तीच घे. ३.८ ची फक्त फोटोसाठी असते, घरात लहान माणसं असताना ती नको. आयपीसला लावायचा काळा सूर्य-फिल्टर जुन्या दुर्बिणींसोबत येतो, तो उष्णतेने तडकतो. मिळाला तर बाबांना सांगून फेकून दे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यातलं काही चालत नाही. फिल्मची चौकट पुठ्ठ्याची कर आणि चिकटपट्टीने नळीला पक्की बांध, वाईच्या घाटावरचा वारा ती उडवू शकतो. आधी घरात, ती बल्बसमोर धरून भोक पडलेलं नाही ना ते बघ. शोधक दुर्बिणीचं झाकण लावूनच ठेव. सूर्य शोधताना नळीची जमिनीवरची सावली बघायची : ती सगळ्यात लहान झाली की नळी सूर्यावर आली.

मग आयएसओ १००, १/५०० सेकंदाच्या आसपास, फोकस डागाच्या कडेवर. रोज एकाच वेळी फोटो काढलास तर आठवडाभरात डाग बिंबावरून सरकताना दिसतील. बाबा शेजारी असल्याशिवाय हे करायचं नाही. आवरताना आधी दुर्बीण सूर्यावरून बाजूला वळवायची आणि नंतरच फिल्म काढायची.